फेब्रुवारीतलं कपाळ

नोव्हाय, १९ जानेवारी २००३

ती. नंदाकाकू, सा. न.

ख्रिसमसला फोनवर तुम्ही विचारलंत, "ऑफिस सोडून काही बघतेस की नाही?" तेव्हा मी उत्तर दिलं नाही. आता देते. बघते.

आमच्या लॅबमध्ये गाड्यांच्या रंगांची जुळणी होते. बंपर प्लास्टिकचा, दार पत्र्याचं, दोन्ही वेगळ्या कारखान्यांत रंगवलेले. गाडीवर शेजारी आले की एकच दिसले पाहिजेत. दिसतात की नाही हे मी यंत्रावर मोजते. प्रदर्शनाच्या गाड्यांवर हाताने चित्रं काढायला आमच्याकडे लोरेन नावाची बाई येते. पन्नाशीची, कमी बोलणारी. शनिवारी ती यप्सिलँटीला स्वतःच्या दुकानात टॅटू करते. मला टॅटूबद्दल काही आस्था नव्हती. लॅबमध्ये राहिलेला तिचा चष्मा द्यायला गेले आणि तीन तास थांबले.

खुर्चीत एक निवृत्त कामगार बसला होता. दंडावर त्याच्या गेलेल्या कुत्र्याचा चेहरा होत आला होता. नाक ओलं होतं. ओलं वाटत होतं असं नाही लिहीत, ओलं होतं. मी विचारलं, ही चमक कुठल्या शाईची? ती म्हणाली, "शाई नाही. तिथे मी काहीच केलेलं नाही." चमक म्हणजे मोकळी सोडलेली कातडी. दुसऱ्या एकाच्या मनगटावर पाण्याचा थेंब होता. मी त्याच्यापुढे टिश्यू धरला. दोघंही हसले. थेंब दोन वर्षांपूर्वीचा होता.

तुम्ही साताऱ्याला प्रदर्शनांत रांगोळीने माणसांचे चेहरे काढायचात, आणि लोक फुंकर मारून खात्री करायला बघायचे, असं बाबा सांगतात. म्हणून तुम्हाला लिहिलं. तिच्या कामाचे सहा फोटो सोबत आहेत. चौथा नीट बघा.

काकांना नमस्कार.

उल्का

*

प्लेनो, २ फेब्रुवारी २००३

चि. उल्का, अनेक आशीर्वाद.

चौथा फोटो भिंगातून पाहिला. त्या म्हातारीच्या गालाखालची सावली हिरवट आहे, पाहिलंस ना? बाईला कळतं! आमच्याकडे नवशिक्या मुली सावलीत काळं मिसळायच्या आणि माणूस कोळशाच्या वखारीतून आल्यासारखा दिसायचा. मी ओरडायचे, "अगं, सावली म्हणजे मळ नव्हे!" डोळ्यातला पांढरा ठिपका मी अगदी शेवटी चिमटीने सोडायचे. ही सोडतच नाही. माझ्या पुढची आहे.

आता कामाचं. फोनवर बोलता येत नाही. हे हल्ली दिवसभर घरीच असतात आणि या घरात एका खोलीतलं दुसरीत ऐकू जातं. म्हणून पत्र.

माझ्या कपाळावर टिकलीखाली पांढरा डाग आहे. सहा-सात वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, टिकलीच्या गोंदाने कातडीचा रंग गेला, आता परत यायचा नाही. मग मी काय केलं असेल? मोठी टिकली लावली. डाग तिच्याएवढा झाला. मग आणखी मोठी. आता मंडळात बायका म्हणतात, "नंदाताई, काय ठसठशीत लावता हो!"

तुझी लोरेन त्यावर कातडीच्याच रंगाचा टॅटू करू शकेल का? टिकली काढली की कपाळ कोरं दिसलं पाहिजे, कोणाची नजर अडकता कामा नये. एक दिवस ती चारचौघांत काढावी लागेल. त्या दिवशी मला तिथे काहीही नको आहे. ऑगस्टच्या आत व्हावं.

कोणाला बोलू नकोस. तुझ्या बाबांना तर मुळीच नाही.

तुझी
नंदाकाकू

*

नोव्हाय, ११ फेब्रुवारी २००३

ती. नंदाकाकू,

आजपासून टिकली चिकटवणं बंद करा. मेणावर कुंकू लावा. डाग वाढतोय तो गोंदाने, आणि तुम्ही गोंदानेच तो झाकताय.

लोरेनला विचारलं. ती म्हणाली, "कातडीवर चित्र काढते. कातडीचं चित्र काढत नाही. ती एका जागी थांबत नाही." म्हणजे असं: ऊन लागलं की कातडी गडद होते, शाई होत नाही. हिवाळ्यात जुळवलेला रंग टेक्सासच्या जुलैत वेगळा पडेल आणि गोल पुन्हा दिसेल. पुसता येणार नाही. आमच्याकडे नवा रंग आला की त्याची पॅनलं, म्हणजे रंगवलेले पत्रे, फ्लोरिडात उन्हात ठेवतात, मगच तो गाडीवर चढतो. तुमच्या कपाळासाठी त्याहून कमी काळजी मी घेणार नाही. तसं मी तिला सांगितलं आणि ती करून बघायला तयार झाली.

त्यासाठी डागाशेजारच्या कातडीच्या रंगाचा नमुना लागेल. फोटो चालत नाही.

चारचौघांत टिकली काढावी लागेल म्हणजे काय ते कळलं नाही. मंडळाचं नाटक असेल तर मेकअप पुरेल.

काका घरी असतात हे वाचलं. तुमच्याकडे टेलिकॉममधले बरेच लोक सध्या घरी बसलेत हे माहीत आहे. त्यांनी रेझ्युमे पाठवला तर इथे दोन ठिकाणी देता येईल. त्यांना अवघड वाटणार असेल तर राहू द्या. मी स्वतःहून विषय काढणार नाही.

उल्का

*

प्लेनो, २ मार्च २००३

चि. उल्का, आशीर्वाद.

नाटकच समज.

नमुना सोबत आहे. त्या अँथ्रॅक्सच्या पाकिटांपासून पावडर पाठवायचे हे दिवस नाहीत. पाकिटातून चिमूटभर सांडली तर पोस्ट ऑफिस रिकामं करतील. म्हणून कार्डावर डिंक फासला आणि वरून रांगोळी चाळली. गेल्या मंगळवारी सकाळी दहाला उत्तरेच्या खिडकीत आरसा घेऊन बसले. गेरू, पिवळा, जरासा हिरवा, आणि निळा नखाएवढा. अकरा वाट्या केल्या. नववी जुळली. कार्ड कपाळाला लावून पाहिलं, कडा दिसत नाही.

सत्तावीस वर्षांनी रांगोळी हातात घेतली. बोटं विसरली नाहीत ग. हे दाराला टेकून बघत उभे होते. म्हणाले, "कोणाचं चित्र?" म्हटलं, "कोणाचं नाही, रंग बघतेय." बराच वेळ उभे होते. हल्ली इतका वेळ उभे राहत नाहीत.

आणि ऐक, मी आता हायवेवर ड्राइव्ह करते! पंचावन्नाव्या वर्षी. नैना म्हणते, "आई, यू आर स्केरी." पण शेजारी बसते बिचारी.

ऑगस्टचं लक्षात ठेव.

नंदाकाकू

*

नोव्हाय, ६ एप्रिल २००३

ती. नंदाकाकू,

कार्ड पोचलं. मी यंत्रावर मोजलं. लोरेनने यंत्राकडे बघितलंही नाही. कार्ड खिडकीशी नेलं, तिरकं धरलं. मग म्हणाली, "जिने हे केलंय तिला माझ्या दुकानात आणून बसव." ती असं कोणाबद्दल बोलत नाही.

शाईच्या चार मिश्रणांनंतर रंग आला. तो एका पॅनलवर टोचला आहे. पॅनल कसलं हा तपशील महत्त्वाचा नाही. पृष्ठभाग तुमच्या डागासारखाच आहे, रंगहीन. पक्कं व्हायला महिना लागतो. मे ते ऑगस्ट ते रोज ठरलेला वेळ उन्हात ठेवीन आणि आठवड्याला मोजीन. निर्णय सप्टेंबरात. जमणार असेल तर काम डिसेंबर-जानेवारीत करू. मंडळाचं नाटक पुढच्या वर्षीही असेल.

तुम्ही ड्राइव्ह करायला लागलात हे चांगलं झालं.

उल्का

*

प्लेनो, २० मे २००३

चि. उल्का,

महिना झाला. पॅनल जुळलं का? जुळलं असेल तर सप्टेंबरची वाट कशाला?

मला ऊन लागत नाही ग. मी कुठे जात नाही. फार्मसी, ग्रोसरी आणि घर, बस. फुलझाडंसुद्धा यंदा लावली नाहीत. अंदाजाने कर ना. रांगोळीत आम्ही अंदाजानेच करायचो आणि लोक पाया पडायचे. मी दोन दिवसांत येऊन जाईन, तेवढं नैना घरी थांबेल. तिला विचारून ठेवलंय.

मी कोणाकडे असं काही मागत नाही, तुला माहीत आहे.

नंदाकाकू

*

नोव्हाय, १ जून २००३

ती. नंदाकाकू,

जुळलं की नाही हे आत्ता सांगता येणार नाही. चाचणी पुरी झालेली नाही.

ऊन लागत नाही असं सगळेच म्हणतात. गाडी चालवताना काचेतून लागतं, पार्किंग लॉटमध्ये लागतं. मी प्लेनोचा सरासरी उन्हाळा धरला आहे. अंदाजाने केलेल्या जुळण्या मी रोज परत पाठवते. त्या दारावर आणि बंपरवर असतात, कपाळावर नाही.

सप्टेंबर.

मेणावर कुंकू लावताय असं धरून चालते.

उल्का

*

प्लेनो, १४ सप्टेंबर २००३

चि. उल्का, आशीर्वाद.

आज पहिल्यांदा घरात कोणी नाही. नैना कामावर गेली. तू चौथ्या दिवशी आलीस, दोन दिवस राहिलीस, घरातली सगळी भांडी घासलीस, आणि आपण दोघी एक शब्द बोललो नाही. तेव्हा आता लिहिते.

यांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, तो डिसेंबरात कळला. डॉक्टरांनी सहा ते आठ महिने सांगितले. यांनी एकच अट घातली, कोणाला कळता कामा नये. साताऱ्याला सासूबाई सत्त्याऐंशीच्या. तुझ्या बाबांच्या कानावर गेलं असतं तर संध्याकाळपर्यंत सासूबाईंना कळलं असतं. म्हणून तू "घरी बसलेत" म्हणालीस ते मी तसंच राहू दिलं. तुझ्या रेझ्युमेचं यांना सांगितलं तेव्हा खूप दिवसांनी हसले. म्हणाले, "पोरीला सांग, काकाची नोकरी ठरलीय. जॉइनिंग डेट तेवढी यायचीय."

मी सोळा जानेवारीला आरशात बघितलं आणि हिशेब केला. वाईट वाटेल तुला, पण केला. हे जातील त्या दिवशी लोक येतील. टिकली ठेवली तर काही बायका बघतील. काढली तर हा पांढरा गोल बघतील. तू विचारशील, काढायची कशाला, आता कोण सक्ती करतं? कोणी करत नाही. ठेवायची की काढायची ते मी माझ्या सवडीने ठरवलं असतं, महिन्याने, वर्षाने. पण त्या दिवशी माझ्या कपाळावर कोणाला काही वाचायला मिळू नये एवढंच मला हवं होतं. नवरा पलीकडच्या खोलीत पडलेला असताना मी आरशासमोर हे ठरवत होते.

नऊ ऑगस्टला फ्युनरल होममध्ये मी मोठी टिकली लावूनच गेले. पार्सिपनीहून रेखावन्सं आल्या होत्या, यांची थोरली बहीण. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मला रेस्टरूममध्ये घेऊन गेल्या, म्हणाल्या, "नंदा, मी काढते, दुसऱ्या कोणी काढण्यापेक्षा मी." मी मान पुढे केली. त्यांनी टिकली काढली आणि थांबल्या. मग पेपर टॉवेल ओला केला आणि पुसायला लागल्या. "गोंद राहिलाय ग," म्हणाल्या. पुसत राहिल्या. "निघत कसा नाही मेला." रडत होत्या आणि पुसत होत्या. साबण लावला. मी बेसिनची कड धरून मान तशीच पुढे ठेवली. तुझ्या त्या टॅटूतल्या थेंबाची आठवण झाली, खरंच. नैना आत आली आणि ओरडली, "आत्या, स्टॉप! दॅट्स हर स्किन!"

बाहेर आले तेव्हा कपाळ लालभडक झालं होतं आणि मधोमध तो गोल. ओळीने सगळ्यांनी बघितला. कोणाच्या तरी छोट्या मुलीने विचारलं, "मॉम, व्हाय इज हर बिंदी व्हाइट?"

तुला दोष देत नाही. तू सप्टेंबर म्हणाली होतीस. सप्टेंबर आला, म्हणून लिहिलं.

नंदाकाकू

*

नोव्हाय, २८ सप्टेंबर २००३

ती. नंदाकाकू,

चाचणीचा निकाल देणं लागतं, म्हणून देते. काही गोष्टी मी तुम्हाला सांगितल्या नव्हत्या, त्याही यात आहेत.

पॅनल म्हणजे माझा डावा हात. दोन वर्षांपूर्वी लॅबच्या ओव्हनची जाळी लागून मनगटावर पांढरा व्रण राहिला होता. तुमच्या डागासारखी रंगहीन कातडी दुसरी कुठे मिळणार नव्हती. लोरेन नाही म्हणत होती. मी कागदावर सही करून दिली. तुमच्या नवव्या वाटीचा रंग तिने त्या व्रणात भरला. माझ्या रंगाशी तो जुळत नाही, जुळायचा नव्हताच.

यंत्र दोन रंगांमधला फरक आकड्यात देतं. एकच्या खाली डोळ्याला दिसत नाही. २८ मे रोजी तुमचं कार्ड आणि माझ्या हातावरचा तो रंग यांतला फरक ०.८ होता. म्हणजे तुमचं पत्र आलं तेव्हा ते जुळलेलं होतं. एक जूनच्या पत्रात मी ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुम्ही तिकीट काढून आला असतात. मला उन्हाचे आकडे हवे होते.

ते मिळाले. शाई बदलली नाही. भोवतीची माझी कातडी सहाने गडद झाली. त्यावरून मी तुम्हाला लिहिलं असतं की माझं म्हणणं बरोबर होतं, तुमच्या कपाळावर तो गोल ऑगस्टपर्यंत परत दिसला असता.

पण ते बरोबर नव्हतं. तेरा ऑगस्टला दुपारी तुम्ही सोफ्यावर झोपला होतात. कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. मी ते तुमच्या कपाळाशेजारी धरलं. कडा दिसली नाही. तुमचं कपाळ फेब्रुवारीत होतं तसंच होतं, कारण तुम्ही सबंध उन्हाळा घरात होतात. तुम्ही मला तसं लिहिलंही होतं. मी प्लेनोचा सरासरी उन्हाळा धरला होता. जी बाई आजारी माणसाच्या उशाशी बसली आहे तिच्यासाठी तो आकडा चुकीचा होता. जूनमध्ये केलं असतं तर नऊ ऑगस्टला रेखाआत्यांना पुसायला काही मिळालं नसतं.

हे मला तेरा तारखेपासून माहीत आहे. तिथे बोलता आलं नाही म्हणून भांडी घासली.

तुम्ही कारण सांगितलं असतंत तर, हे वाक्य मी तीन वेळा लिहून खोडलं. तुम्ही सांगितलं नव्हतंत. मी विचारलंही नव्हतं. नाटक असेल असं मी माझं मी ठरवलं.

लोरेनने शाईची बाटली ठेवली आहे. त्यावर 'नंदा, नऊ' अशी चिठ्ठी लावली आहे. वर्षभर टिकेल. तिला काय सांगू ते कळवा. यावेळी तुम्ही म्हणाल ती तारीख.

उल्का

*

प्लेनो, २६ ऑक्टोबर २००३

चि. उल्का, अनेक आशीर्वाद.

काल लक्ष्मीपूजन होतं. केलं नाही. उंबऱ्यावर रांगोळी घालावी का असं एकदा मनात आलं, डबा काढला, परत ठेवला. नैनाने एक पणती लावली आणि मला न विचारता विझवली.

लोरेनला सांग, बाटली तिच्याकडेच राहू दे. मला करायचं नाही. ज्या दिवसासाठी हवं होतं तो होऊन गेला. आता मी टिकली लावत नाही, कुंकू लावत नाही, गोल तसाच घेऊन बाहेर जाते. मंदिरात एकीने विचारलं, "ही पांढरी कुठे मिळाली हो, एडिसनच्या इंडियन दुकानांत?" मी म्हटलं, "घरीच झाली." घरी येऊन यांना सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं.

तुझं गणित वाचलं. दोनदा वाचलं. तू चुकीचा आकडा धरलास, बरोबर. पण तो तुझ्या हातात मी दिला. हे म्हणाले कोणाला सांगू नकोस, मी सांगितलं नाही, आणि वर तुझ्याकडून आशा केली की ओळखशील. रांगोळीतसुद्धा समोर माणूस असल्याशिवाय चेहरा निघत नाही. तुझ्यासमोर मी बसलेच नव्हते.

एक मात्र तुझं चुकलं. त्या दुपारी मी झोपले नव्हते. डोळे मिटून पडले होते, लोकांनी बोलू नये म्हणून. तू जवळ आलीस. पर्सची चेन वाजली. तुझा श्वास माझ्या कपाळाला लागला. मला वाटलं, आता ही हात ठेवेल. नऊ तारखेपासून त्या कपाळाला हात लागला तो फक्त पुसायला. मी वाट बघत होते, उल्का. मग कार्डाची कड लागली, गार. तू थोडा वेळ थांबलीस आणि स्वयंपाकघरात गेलीस. नळ सुरू झाला.

तुझ्या मनगटावर जो रंग आहे तो त्या मंगळवारी सकाळचा आहे. तेव्हा हे दाराला टेकून उभे होते. माझ्या कपाळाचा तो रंग आता राहिला नाही. नैना म्हणते, "यू लुक ग्रे, आई." आरशात मलाही दिसतं. म्हणजे यंत्र लावलंस तर आकडा मोठा येईल, जुळणार नाही.

थँक्सगिव्हिंगला चार दिवस सुट्टी असते ना तुला? ये. यंत्र आणू नकोस, कार्डही नको.

तो हात घेऊन ये.

तुझी
नंदाकाकू